भरतीला मोजायची की ओहोटीला?

सिडकोने वसवलेल्या गावात राहिलं की माणसाला एक खोड जडते. जगातल्या प्रत्येक वस्तूला कुठेतरी क्रमांक दिलेला असणारच, असं त्याला वाटायला लागतं. आमच्या सीबीडी बेलापुरात सेक्टर आहे, सेक्टरात प्लॉट आहे, प्लॉटवर इमारत, इमारतीला विंग, आणि विंगमध्ये चपलांच्या स्टँडवरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांनाही ३०३ आणि ३०४ असे रीतसर क्रमांक आहेत. पत्ता सांगताना इथे कुणी वडाचं झाड किंवा मारुतीचं देऊळ असलं काही काढत नाही. त्यात आम्ही कोकण भवनाच्या सावलीतले. मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांच्या कोकण विभागाचा कारभार या इमारतीतून चालतो. कोकण रेल्वेचं मुख्यालयही आमच्याच बेलापुरात. त्यामुळे गावाकडच्या नातेवाइकांची पक्की समजूत, की बेलापूरला राहणाऱ्याला कोकणातलं सगळं ठाऊक असतं. गाडी किती उशिरा आहे हे आत्या मला फोन करून विचारते. ती सावंतवाडीच्या फलाटावर उभी असते.

अशा मुलखात ‘अमुक उद्यानात बेटं किती?’ हा प्रश्न अवघड असू शकतो, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मोजायची आणि सांगायची. पण सोसायटीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी प्रश्नमंजुषा झाली आणि ए विंग नऊ, बी विंग नऊ अशा बरोबरीत शेवटचा प्रश्न आला : मन्नारच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात किती बेटं आहेत?

ए विंगने ‘एकवीस’ म्हटलं. पुस्तकातही एकवीसच होतं. टाळ्या वाजणार, एवढ्यात बी विंगचे बोटवाले काका उठले. हे आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते, त्यामुळे लिफ्ट बंद पडली तरी ते ‘इंजिन रूमला कळवा’ म्हणतात.

“एकोणीस,” काका म्हणाले. “दोन बुडाली.”

“पुस्तकात एकवीस आहेत,” सेक्रेटरी म्हणाले.

“पुस्तक कोरडं आहे.”

काकांचं म्हणणं खरं होतं, हीच पंचाईत. रामेश्वरमपासून तुतिकोरिनपर्यंतच्या पट्ट्यातली एकवीस बेटं धरून १९८६ साली हे उद्यान जाहीर झालं; क्षेत्र ५६० चौरस किलोमीटर. त्यातली पूवरसनपट्टी आणि विलंगुचल्ली ही दोन बेटं आता पाण्याखाली आहेत. चुन्यासाठी आणि बांधकामासाठी तिथलं प्रवाळ वर्षानुवर्षं खणून नेलं गेलं. लाटा अडवणारा प्रवाळाचा बांधच उचलून नेल्यावर लाटांनी काय करावं? त्यांनी बेटं खाल्ली. पण उद्यानाचं वर्णन करताना आकडा आजही एकवीसच सांगितला जातो.

सेक्रेटरी मुळीच डगमगले नाहीत. “आपल्या सोसायटीत सभासद वारला तरी वारसनोंद होईपर्यंत शेअर सर्टिफिकेटवर त्याचंच नाव राहतं ना? तसंच हे. नाव कमी झाल्याचा ठराव दाखवा.”

आता बुडालेल्या बेटाचा वारस कोण? समुद्रच. पण तो जनरल बॉडीला येत नाही, आणि आला तर आमचं बेसमेंट पार्किंग आधी जाईल. एका गुणावर बक्षिसाचं इडलीपात्र अडलेलं. तेव्हा तिघांची निर्णय समिती नेमण्यात आली : भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, मालवणचे दादा, आणि मी. मला का घेतलं हे कळलं नाही. बहुधा माझ्याकडे छत्री आहे आणि समिती गच्चीवर बसणार होती.

वहिनींनी आधी रीतसर सुरुवात केली. म्हणाल्या, “एकेक नाव घेऊ, म्हणजे घोळ राहणार नाही.” भूगोलाच्या शिक्षकांचा नकाशावर फार विश्वास असतो. मन्नारची यादी वाचताना त्या ‘अप्पा बेट’ या नावापाशी आल्या आणि गच्चीवर उगाचच आदराचं वातावरण पसरलं. एकवीस बेटांत एक तरी अप्पा असायचेच; आमच्या एकवीस बिऱ्हाडांच्या विंगमध्येही आहेत, आणि तेही तसेच, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. पुढे वहिनी अंदमानला पोचल्या. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८३ सालचं, बेटं पंधरा. तिथल्या बेटांची नावं साहेबाने ठेवलेली : जॉली बॉय, रेड स्किन, प्लूटो, ग्रब, आणि एकाचं तर चक्क स्नॉब. प्रवाशांना बोटीने नेतात ते वर्षातले काही महिने जॉली बॉयवर आणि उरलेले रेड स्किनवर, म्हणजे दोन्हीकडच्या प्रवाळाला आळीपाळीने विश्रांती. स्नॉबवर कुणाला नेत नाहीत. नाव वाचून मला ते रास्तच वाटलं.

अंदमानातच, रिची द्वीपसमूहात, दुसरं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याचं नाव राणी झांसी. हे ऐकताच दादा ताठ बसले. “म्हणजे तांब्यांची मनू!” मराठी माणसाचा सागरी राष्ट्रीय उद्यानाशी आलेला हा एवढाच थेट संबंध, आणि तोही बंगालच्या उपसागरापलीकडे. पण यादी करायला बसलेल्या माणसाची अंदमानात फार परवड होते. आमच्या शाळेच्या पुस्तकात अंदमान-निकोबारची बेटं ५७२ होती. आता ८३६ सांगतात. मधल्या काळात समुद्रातून अडीचशे बेटं वर आली असं नाही. बेटं, बेटुकल्या आणि पाण्यातून डोकं काढणारे खडक सगळे धरायचे ठरले, एवढंच. त्यातल्या बिननावाच्या एकवीस मोठ्या बेटांना २०२३ च्या जानेवारीत परमवीरचक्र मिळवणाऱ्या एकवीस वीरांची नावं दिली. त्यात एक कारवारकडचे रामा राघोबा राणे. दादा पुन्हा ताठ बसले. राणे म्हटल्यावर सिंधुदुर्गातल्या माणसाला एकदम घरातलंच कुणीतरी वाटतं.

लक्षद्वीपची बेटं छत्तीस, हे पाठ करून दोन पिढ्या परीक्षा पास झाल्या. त्यातलं बंगारम प्रवाळद्वीपाजवळचं एक निर्मनुष्य बेट झिजून झिजून नाहीसं झाल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. बेटाचं नाव परळी. वहिनींचं माहेर परळी वैजनाथचं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि “आमची ज्योतिर्लिंगाची परळी आहे तिथेच आहे,” असं इतिवृत्तात लिहायला लावलं.

आणि गुजरातेत? जामनगरच्या किनाऱ्याला कच्छच्या आखातातलं उद्यान, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ सालचं. बेटं बेचाळीस, पिरोटन त्यांतलं नावाजलेलं. तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे जातं, की नराऱ्याला लोक समुद्राच्या तळावरून चालत अष्टभुज आणि खेकडे बघत फिरतात. बोटवाले काका समितीत नव्हते, पण चहा घेऊन आले होते. ते म्हणाले, “तिथे तुम्ही सकाळी मोजलेली आणि संध्याकाळी मोजलेली बेटं जुळली, तर मिशी उतरवीन.”

इथे वहिनींचा धीर सुटायला लागला. किनाऱ्याचा आकडा तरी पक्का असेल म्हणून त्यांनी महाराष्ट्राची किनारपट्टी काढली. शाळेत शिकवला तो आकडा ७२० किलोमीटर. केंद्राच्या जुन्या हिशेबात ६५२. नव्या मोजणीत सुमारे ८७८. म्हणजे कोकणात एक फूटही भर न घालता किनारा सव्वादोनशे किलोमीटरनी लांबला. कारण साधं आहे. आधीची मोजणी मोठ्या ढोबळ नकाशावर झाली होती, आता बारीक नकाशावर झाली. प्रत्येक खाडीचं वळण, प्रत्येक कातळाची दातरी मोजली की लांबी वाढणारच. १९६७ साली मांडेलब्रो नावाच्या गणितज्ञाने ब्रिटनचा किनारा किती लांब, असा प्रश्न विचारून नेमकं हेच दाखवलं होतं : पट्टी जितकी लहान, किनारा तितका लांब. आमच्या सेक्रेटरींना हे तत्त्व फार आवडलं. कार्पेट एरिया मोजताना लावता येईल का, असं त्यांनी विचारलं.

“ते सगळं राहू दे,” वहिनी म्हणाल्या. “आपल्या महाराष्ट्रातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानातली बेटं सांगा, म्हणजे निदान एक तरी यादी पुरी होईल.”

ती यादी मात्र लगेच पुरी झाली, कारण महाराष्ट्रात सागरी राष्ट्रीय उद्यानच नाही. राष्ट्रीय उद्यानं सहा : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. सगळी डोंगरात नि जंगलात. समुद्रातलं म्हणाल तर मालवणचं सागरी अभयारण्य, १९८७ सालचं, एकोणतीस चौरस किलोमीटरहून किंचित जास्त. त्यात गाभा क्षेत्र सव्वातीन चौरस किलोमीटरच्या आत. दारातलंच हवं तर ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ सालचं. २०२२ मध्ये त्याला रामसरचा दर्जाही मिळाला. पण ते ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या मधलं. बेलापूरच्या वाट्याला भिंतीवर रंगवलेले फ्लेमिंगो आले. ते बाराही महिने दिसतात ही जमेची बाजू.

मालवणचं नाव निघाल्यावर सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी पानाचा डबा मिटला.

“अभयारण्य म्हटल्यार वाघ व्हयो,” दादा म्हणाले. “आमच्याकडे बांगडो आसा.”

हा विनोद त्यांनी केला खरा, पण मालवणात या विषयावर कुणी हसत नाही. अभयारण्य जाहीर झाल्यापासून तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. रापणीचं जाळं ओढून पोट भरणाऱ्याला ‘संरक्षित क्षेत्र’ म्हटलं की पहिली शंका येते, ती आपल्यापासून संरक्षण की आपलं संरक्षण? या शंकेचं नीट उत्तर कुणी त्याच्या वाळूवर बसून दिलं असतं, तर निम्मी भांडणं झालीच नसती असं माझं मत. मात्र दादांना त्या दिवशी भांडायचं नव्हतं, मोजायचं होतं.

“पयलो सिंधुदुर्ग,” त्यांनी अंगठा दुमडला. बरोबरच. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली. त्या बेटाचा आणि किल्ल्याचा आता असा एकजीव झालाय, की कुरटे म्हटलं तर मालवणबाहेर कुणाला कळणार नाही. गंमत अशी, की या अभयारण्याच्या गाभा क्षेत्राचं वर्णन वाचलं तर त्यात हा किल्लाही येतो, आणि किल्ल्यात आजही काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ताडोबात गाभा क्षेत्रात राहायचं तर वाघ व्हावं लागतं. इथे दुपारी तटावर बसून सोलकढी पिता येते.

“दुसरो पद्मगड.” हा सिंधुदुर्गाच्या शेजारचा चिमुकला किल्ला. मुरूडच्या समोरचा तो पद्मदुर्ग वेगळा; या दोघांच्या घोळामुळे किती सहली चुकीच्या एसटीत बसल्या असतील देव जाणे. बोटवाले काका इथे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “पद्मगड बेट नाही. ओहोटीला मी स्वतः दांडीच्या किनाऱ्यावरून चालत गेलोय.”

“भरतीक जा,” दादा म्हणाले.

खरं म्हणजे इथेच आमची समिती बरखास्त व्हायला हवी होती. अलिबागच्या कुलाब्याचं तेच. ओहोटीला घोडागाडीने जा, भरतीला होडीने. मधे अडकलात तर तटावर बसून वाट बघा. दिवसातून दोनदा बेट होणाऱ्या आणि दोनदा राजीनामा देणाऱ्या जागेला यादीत घ्यायचं की नाही? वहिनींनी कायदा शोधला. समुद्राविषयीच्या १९८२ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १२१ सांगतं, की नैसर्गिकरीत्या तयार झालेली, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली आणि भरतीच्या वेळी पाण्यावर राहणारी जमीन म्हणजे बेट. भारताने या कराराला १९९५ साली मान्यता दिली आहे. तेव्हा पद्मगड पास. पूवरसनपट्टी नापास. ए विंगचा चेहरा पडला.

“थांबा,” सेक्रेटरी म्हणाले. “भरती म्हणजे कुठली भरती?”

प्रश्न त्यांनी वेळकाढूपणासाठी विचारला होता. पण गच्चीवरून खाली पाहिलं तर दिवाळे कोळीवाड्यातल्या मावशी मांडवात दर्शनाला आलेल्या. एरवी त्या पाटी घेऊन येतात आणि आमच्या वहिनींशी हलव्याच्या तुकडीवरून तासभर वाद घालतात. गणपतीचे पाच दिवस मात्र संबंध फक्त नमस्कारापुरता. त्यांना वर बोलावलं. भरती कधी, असं विचारताच त्यांनी उलट विचारलं, “आज तिथी कोनती?”

सप्तमी. मावशींनी बोटांच्या पेरांवर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, “सव्वापाचला भरल.”

हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, पाणी त्याच्या मागे रोज तितकंच उशिरा चढतं. पंचांग आणि चौथ्या इयत्तेतलं गणित एवढ्यावर समुद्राचं वेळापत्रक तयार. बोटवाल्या काकांनी मोबाइलवर भरतीचं कोष्टक उघडलं. वेळ थोडी मागेपुढे निघाली.

“मोबाइलचं घड्याल बघून घ्या एकदा,” मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी, बसायचा आग्रह होण्याआधीच, आमच्या यादीचा उरलासुरला निकाल लावला. अष्टमी जवळ आली म्हणजे भांग. पाणी फारसं चढत नाही, फारसं उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण; पाणी वरपर्यंत चढतं आणि तितकंच खाली जातं. म्हणजे अष्टमीच्या भरतीला जो खडक डोकं वर ठेवून बसतो, तोच पौर्णिमेच्या भरतीला बुडतो. अष्टमीला बेट, पौर्णिमेला खडप.

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे बेटं पंचांग बघून मोजायची?”

“मगे काय, नोटीस बोर्ड बगून?” दादा म्हणाले. आता त्यांना चेव चढला होता. सिंधुदुर्ग आणि पद्मगड या दोन बोटांवर इतका वेळ अडलेला त्यांचा हात भराभर दुमडू लागला. मालवणच्या समुद्रात नुसती खडपंच इतकी आहेत, की अभयारण्याच्या वर्णनातही ‘पाण्याखालच्या खडकाळ रचना’ असे शब्द आहेत. दादांच्या मते त्या रचना नव्हेत, शेजारी आहेत. कोणत्या खडपापाशी कालवं लागतात, कोणत्याला जाळं अडकून फाटतं, कोणत्यावर होडी आपटून कुणाचा सासरा तीन दिवस खोकत होता, हे सगळं ते सांगू लागले. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा ते पुन्हा अंगठ्यापासून सुरू झाले. वहिनी लिहीत होत्या. तिसऱ्यांदा अंगठा दुमडला तेव्हा त्यांनी लिहिणं सोडलं, आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा भूगोल ऐकायला सुरुवात केली.

या गृहस्थाने बेलापुरात पंचवीस-तीस वर्षं काढली आहेत. रोज हार्बर लोकलने कचेरीत जाऊन फायलींना क्रमांक घालण्यात त्यांची नोकरी सरली. मालवणच्या समुद्रात काय कुठे आहे, हे या सगळ्या काळात त्यांना विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. विचारल्याशिवाय सांगणं हे मालवणी माणसाच्या रक्तात नाही. विचारल्यावर थांबणं तर त्याहून नाही.

सव्वापाच वाजून गेले. गच्चीवरून खाडीचा जेवढा तुकडा दिसतो तेवढ्यात पाणी भरलं होतं. मावशी घड्याळाकडे न बघताच खाली उतरल्या.

समितीचा अहवाल वहिनींनी एका वाक्यात लिहिला : मन्नारची बेटं कागदावर एकवीस, पाण्यावर एकोणीस. सेक्रेटरींनी तो वाचला आणि प्रश्नच रद्द केला. इडलीपात्र महाप्रसादाच्या स्वयंपाकाला देण्यात आलं. त्यात इडल्या झाल्याच नाहीत, मोदक वाफवले गेले. ए विंगने बी विंगला एक मोदक कमी वाढला, अशी तक्रार अजून प्रलंबित आहे.

मात्र पुढच्या वर्षीसाठी सेक्रेटरींनी तेव्हाच एक ठराव करून घेतला. बेटांवर प्रश्न विचारायचाच असेल तर असा विचारायचा, ज्याच्या उत्तराला भरती-ओहोटी लागत नाही. त्यांनी स्वतःच सुचवला : मुंबईची मूळची सात बेटं कोणती? फार हुशारीचा प्रश्न होता. मधली सगळी खाजणं आणि खाड्या केव्हाच भरून काढलेल्या. बेट म्हणून त्यातलं एकही आता शिल्लक नाही, तेव्हा बुडायची भीती नाही आणि वरही येणार नाही. समितीने तिथल्या तिथे रंगीत तालीम घेतली.

“मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम,” वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या. मुंबईत सगळेच पाचावर थांबतात.

“कुलाबा,” मी म्हणालो.

“आणि म्हातारीचं बेट,” बोटवाले काका म्हणाले. “धाकटा कुलाबा.”

“ते दोन कुलाबे एकच धरायचे,” सेक्रेटरी म्हणाले.

“मग सहाच होतात.”

“सहा कसे होतील? सात आहेत. पुस्तकात सात आहेत.”

एवढ्यात जिन्यातून ए विंगच्या आजी वर आल्या. गुडघे धरत धरत, पण आल्या. बेलापुरात मुलाकडे येण्याआधी त्यांची उभी हयात माटुंग्याला गेलेली. त्यांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं होतं. कठड्याला टेकून त्यांनी श्वास घेतला आणि विचारलं, “सात ना? मग आमचं माटुंगं कुठल्या बेटावर होतं, ते आधी सांगा.”

वहिनींनी वहीचं नवं पान उघडलं.